चेनकव्हरचे बूच

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी जे वक्ते येऊन गेले, त्यांनी अष्टांगिक मार्गावर, संविधानातील मूलभूत हक्कांवर, शिष्यवृत्तीच्या प्रश्नावर अतिशय अभ्यासपूर्ण विचार मांडले. मी बँकेतला एक साधा कारकून. कला शाखेचा पदवीधर. कार्यवाहांनी माझा विषय विचारला तेव्हा मी "मोटारसायकलची साफसफाई आणि निगा" असे सांगितले. त्यांना ती थट्टा वाटली. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा फोन करून विचारले, "विषय तोच ठेवायचा का?" मी म्हटले, तोच ठेवा.

आता विहारात येताना मी बाहेर उभ्या असलेल्या गाड्या मोजल्या. चाळीसच्या वर आहेत. आपल्या वसाहतीत चारचाकी फारच थोड्या घरी आहे, पण मोटारसायकल नाही असे घर शोधावे लागेल. कोणी तिच्यावर कामाला जातो, कोणी पार्सल पोचवतो, कोणी लेकीला परीक्षेच्या केंद्रावर सोडतो. ज्या वस्तूवर आपण रोज घरची दोन-दोन, तीन-तीन माणसे बसवतो, तिच्याकडे आपण किती वेळा पाहतो? धूळ पुसताना नव्हे, खरोखर पाहतो?

याचे माझे स्वतःचे उत्तर चांगले नाही, म्हणूनच मी हा विषय घेतला.

माझे वडील शहराच्या सफाई खात्यात झाडूवाले होते. आजोबांनी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावातले मेलेले जनावर ओढायचे सोडले, त्यावरून गावाने त्यांना त्रास दिला, आणि वडील शहरात आले. शहरात काम मिळाले तेही घाण काढण्याचेच. त्यांनी ते तीस वर्षे केले, आणि आम्हा भावंडांना घरात कधी झाडूला हात लावू दिला नाही. आईने सांगितले तरी ते आमच्या हातातून झाडू काढून घेत आणि स्वतः झाडत. मी बँकेत लागलो, कर्ज काढून शंभर सीसीची मोटारसायकल घेतली आणि पहिल्याच रविवारी अंगणात बादली-फडके घेऊन बसलो, तेव्हा वडील बाहेर आले. म्हणाले, "तू कायले हात घान करतं? म्या केलं तेवढं पुरे हाय. तुह्या हाती पेनच पाह्यजे." मी फडके खाली ठेवले.

यात वडिलांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मृत मांस आणि लाचारीची कामे सोडण्यास सांगितले, तेव्हा त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान होता. ज्याला घाण काढायची सक्ती झाली, त्याला फडक्याचीही शिसारी येते. हे ज्यांनी भोगले नाही त्यांनी आम्हाला श्रमप्रतिष्ठा शिकवू नये.

पण पुढे काय झाले ते ऐका. मी गाडी धुवायला वॉशिंग सेंटरवर नेऊ लागलो. तिथे गाडी धुणारा मुलगा आपल्याच वसाहतीतला होता, दहावीत शिकणारा. पायात फाटकी चप्पल, हातात पाण्याचा पाइप, आणि मी बाजूच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेला. माझ्या वडिलांनी माझ्या हातातून काढून घेतलेले फडके कोणाच्या हातात गेले, हे मला तेव्हा दिसले नाही. असो. तो वेगळा विषय आहे, पण तो माझ्या मनातून जात नाही म्हणून बोललो.

आता २०१७ च्या अशोक विजयादशमीकडे येतो. त्या वर्षी ती ३० सप्टेंबरला होती. माझा पुतण्या आणि त्याचा मित्र दीक्षाभूमीला जाणार होते. अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. त्याने माझी गाडी मागितली, मी आनंदाने दिली. आदल्या दिवशी ती धुऊन, पॉलिश करून आणली होती. दसऱ्याला शेजारीपाजारी सगळेच गाड्या धुतात, झेंडूच्या माळा घालतात, पूजा करतात. आपण पूजा करत नाही, पण चमकवण्याच्या बाबतीत आपणही मागे नाही. गाडी आरशासारखी दिसत होती.

मूर्तिजापूर ओलांडल्यावर चेन तुटली. तुटलेली चेन कव्हरच्या आत गोळा झाली, पुढच्या स्प्रॉकेटमध्ये अडकली आणि मागचे चाक जागच्या जागी जाम झाले. मित्र गवतात पडला म्हणून खरचटण्यावर निभावले. पुतण्याच्या पायाचे नडगीचे हाड मोडले. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे धावायचा. २०१८ च्या सुरुवातीला मैदानी चाचणी होती, तेव्हा तो कुबडीवर होता.

घरी वहिनी म्हणाल्या, कोणाची तरी नजर लागली. कोणी म्हणाले, नशीब. कोणी सुचवले की हँडलला लिंबू-मिरची बांधत जा. वीस-बावीस जणांत एकानेही "चेन का तुटली?" असे विचारले नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असते, कारण नाहीसे केले की कार्य नाहीसे होते, हे आपण प्रतीत्यसमुत्पाद म्हणून दर पौर्णिमेला ऐकतो. पण दारात मोडकी गाडी आली की आपण पुन्हा नशिबाकडे वळतो. मीही त्यातलाच एक होतो.

कारण मला दाखवले ते एका म्हाताऱ्या मिस्तरीने. त्याने चेनकव्हर उघडले आणि मला खाली बसवले. बाहेरून चकचकीत असलेल्या त्या गाडीची चेन आत कोरडी ठाक, तांबूस गंज चढलेली होती. तेलाचा थेंब नाही. चेनची दोन टोके जिथे जोडतात, तिथे एक लॉक असते. त्याच्यावर माशाच्या आकाराची छोटी क्लिप बसते. ती क्लिप नव्हतीच. मिस्तरी म्हणाला, "या क्लिपचं बंद तोंड चेन जिकडे पळते तिकडे पाह्यजे. उलटी बसवली तर कशाला तरी घासून निघू शकते." दोन महिन्यांपूर्वी मी एका दुकानात चेन बदलून घेतली होती. तेव्हा क्लिप उलटी बसली होती, की सैल होती, की दुसरेच काही झाले, हे आता कोणी सांगू शकत नाही. पण एक गोष्ट निश्चित आहे. आपल्याकडच्या शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पूर्ण बंद चेनकव्हर असते, आणि त्या कव्हरला एक गोल रबरी बूच असते. ते बूच काढले, गाडी डबल स्टँडवर घेतली आणि मागचे चाक हाताने हळूहळू फिरवले, तर सगळी चेन, त्या लॉकसकट, डोळ्यांसमोरून जाते. दोन मिनिटांचे काम आहे. मी ते बूच कधी काढलेच नव्हते. ते तिथे कशाला आहे, हेही मला माहीत नव्हते. बी. ए. झालेल्या माणसाला!

त्या दिवसापासून मी गाडी स्वतः धुतो. आता धुतो कशी, ते सांगतो. विद्यार्थ्यांनी लिहून घेतले तरी चालेल.

गाडी धुवायची ती इंजिन गार झाल्यावर. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी मारू नये. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधावी. जोराच्या फवाऱ्याने धुळीचा थर पटकन निघतो, पण तेच पाणी चाकाच्या मध्यभागी बेअरिंगमध्ये घुसते, आतले ग्रीस धुऊन नेते, आणि महिन्याभराने चाक घरघरू लागते. स्विच, एअर फिल्टर, प्लगची टोपी, इथेही जोराचे पाणी नको. बादली, मग आणि मऊ फडके पुरे. कपड्याची पावडर वापरू नका, रंगाची चमक जाते. गाडीचा किंवा डोक्याचा शाम्पू थोडासा घ्या. काही ठिकाणी धुतल्यावर सगळ्या गाडीवर डिझेल फवारतात. दिसायला काळेभोर, तुकतुकीत दिसते, पण डिझेलने रबर खराब होते, त्यावर धूळ चिकटते, आणि ते ब्रेकच्या ड्रममध्ये गेले तर ब्रेक लागत नाही.

आपला वऱ्हाडाचा भाग काळ्या मातीचा. पावसाळ्यात शेताच्या रस्त्याने एकदा जाऊन आलात की मडगार्डच्या आत चिखलाचा थर बसतो आणि वाळला की विटेसारखा कडक होतो. वरून गाडी पुसणाऱ्याला तो दिसत नाही. तो ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. हा चिखल ओला असतानाच लाकडाच्या पट्टीने काढावा. लोखंडी सळईने खरवडला तर रंग जातो आणि गंजाला वाट मिळते.

पुसायला काय घ्यावे? जुने सुती बनियन, जुने धोतर, जुने लुगडे. इथे मला विनयपिटकातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली की एक भिक्षू एवढ्या वस्त्रांचे करणार काय, दुकान मांडणार की काय? त्याने आनंदांना एकामागून एक प्रश्न विचारले. ज्यांची चीवरे विरली त्या भिक्षूंना ही देऊ. मग त्यांच्या जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरचे अंथरूण. त्याचे? पायपुसणी. पायपुसण्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि त्या फडक्यांचे? ती कुटून, चिखलात मिसळून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. भिक्षूंनी भिक्षापात्र ओले ठेवू नये, थोडे उन्हात वाळवावे पण उन्हातच विसरू नये, खाटेखाली ठेवण्याआधी तिथे हात फिरवून पाहावे, असे नियमही त्याच विनयात आहेत. ज्यांनी घरदार सोडले त्यांनासुद्धा वापरातली वस्तू नीट ठेवायला सांगितले आहे. आपण तर हप्ते भरून गाडी घेतो.

आता चेन. सगळ्यात आधी एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. चेन साफ करताना इंजिन बंद पाहिजे आणि गाडी न्यूट्रलमध्ये. काही जण गाडी डबल स्टँडवर लावून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावतात. चेनने फडके ओढले की बोटही जाते. चाक हातानेच फिरवायचे. पूर्वी चेन रॉकेलमध्ये धूत. आता रॉकेल सहज मिळत नाही, तेव्हा चेन साफ करायचा स्प्रे किंवा ब्रशला लावून थोडे डिझेल चालते, फक्त ब्रेकपासून दूर. पेट्रोल मुळीच नको, एका ठिणगीचा खेळ आहे. कोरडी पुसून घ्यावी आणि मग नव्वद नंबरचे गिअर ऑईल चेनच्या आतल्या बाजूने थेंब थेंब सोडावे. गाडीतून काढलेले जळके इंजिन ऑईल फुकट मिळते म्हणून लावू नका, त्यात लोखंडाचा बारीक चुरा असतो.

चेनला ढिलाई किती असावी, तर बहुतेक लहान गाड्यांना दोन ते तीन सेंटिमीटर वरखाली हलली पाहिजे. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो. ती पुस्तिका आपल्यापैकी किती जणांनी उघडली आहे? मी माझी आठ वर्षांनी उघडली, प्लास्टिक फाडून. ढिलाई चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावी, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, नाहीतर चाक तिरपे बसते. आणि चेन ताणली की चाक मागे सरकते, त्याबरोबर मागच्या ब्रेकचा रॉडही ताणला जातो. म्हणून नंतर ब्रेक पुन्हा जुळवावाच लागतो. हे विसरल्याने ब्रेक घासत राहतो, ड्रम तापतो, आणि आपण म्हणतो की गाडी ॲव्हरेज देत नाही.

ड्रम ब्रेक असलेल्या बऱ्याच गाड्यांना ड्रमच्या बाहेर एक बाण आणि एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला भिडला की लायनर संपले, बदलायचे. दुकानदाराने सांगण्याची वाट पाहू नका, बाण खोटे बोलत नाही. लायनरची काळी धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा. गाडी धुतल्यावर लगेच वेगात निघू नका. ड्रममध्ये पाणी गेलेले असू शकते, चार-सहा वेळा ब्रेक हलका दाबत हळू चालवा.

बाकीचे थोडक्यात सांगतो. टायरमध्ये हवा पुस्तिकेप्रमाणे, मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात जास्त. टायरच्या खाचांमध्ये आडवी उंचवट्याची खूण असते, टायर झिजून तिच्याबरोबर आला की संपला. तारांचे चाक असेल तर पान्याने एकेक तार हलकेच वाजवा. घट्ट तार टणत्कार देते, सैल तार बद्द वाजते. क्लचच्या वायरीचे टोक लिव्हरपाशी पाहा, एकेक धागा तुटू लागला की ती आठवड्याची पाहुणी आहे. इंजिन ऑईल पाहताना गाडी डबल स्टँडवर सरळ उभी पाहिजे. साईड स्टँडवर पाहिलेले माप खोटे येते. फोमचा एअर फिल्टर धुता येतो, पण तेलकट कागदाचा असेल तर तो धुवायचा नाही, फुंकायचा नाही, बदलायचा. प्लग काढता येत असेल तर त्याचा रंग पाहायला शिका. विटकरी-राखाडी असेल तर ठीक, काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, तेलकट असेल तर इंजिन ऑईल जळते आहे. प्लग म्हणजे इंजिनाचे प्रगतिपुस्तकच आहे.

तरुण मुले म्हणतील, काका, आता गाड्या कॉम्प्युटरच्या आल्या. खरे आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे निकष लागू झाले आणि नव्या गाड्यांमध्ये कार्बोरेटरच्या जागी बहुतेक ठिकाणी इंधन-इंजेक्शन आले. त्या भागाला आपण हात लावू नये, दिवा लागला की जाणकाराकडे न्यावी. पण चेन, टायर, ब्रेक आणि वायर यांना कॉम्प्युटर लागत नाही. माणूस पडतो तो याच चार गोष्टींमुळे.

एक कटू बोलतो, राग मानू नये. १४ एप्रिलच्या रॅलीत आपली मुले सायलेन्सरची जाळी काढून फटाके वाजवतात. गेल्या रॅलीच्या आदल्या रात्री मी चौकात उभ्या असलेल्या गाड्या बॅटरीच्या उजेडात पाहत फिरलो. झेंडे नवे, स्टिकर नवे, आणि कित्येक टायरांच्या खाचा पुसून गेलेल्या. एकेका गाडीवर तिघे बसणार होते. बाबासाहेबांच्या जयंतीला कोणाच्या घरून रडण्याचा आवाज येऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

पुतण्याचे विचाराल, तर त्याचा पाय जुळला. पुढच्या भरतीत तो पुन्हा मैदानावर उतरला, पण धावण्यात गुण कमी पडले. सध्या तो पार्सल पोचवण्याचे काम करतो आणि रात्री अभ्यास करतो. त्याची गाडी दिवसाला शंभरावर किलोमीटर चालते. दर रविवारी तो माझ्या अंगणात ती घेऊन येतो आणि आम्ही दोघे मिळून ती धुतो. त्याने मला कधी त्या चेनबद्दल एक शब्दही विचारला नाही. मीच एकदा विषय काढला, तर म्हणाला, "काका, तो पाना द्या."

आणि वडील? सुरुवातीला मी बादली घेऊन बसलो की ते उठून आत जात. दोन-तीन वर्षे असेच गेले. एका रविवारी मी मागच्या ड्रमचा बाण शोधत होतो, उजेड कमी होता. मागून बॅटरीचा प्रकाश पडला. वळून पाहिले तर वडील उभे. काही बोलले नाहीत. माझे काम संपत आले तेव्हा त्यांनी बॅटरी मडगार्डच्या आत, नंबर प्लेटच्या मागे वळवली आणि म्हणाले, "तो कोपरा राह्यला पाय तुह्या." खरेच तिथे बोटभर चिखल होता. मी इतक्या वर्षांत तो कधी पाहिला नव्हता. मी विचारले, बाबा, तुम्हाला उभ्याने कसा दिसला? तर म्हणाले, "झाडू मारनाऱ्याले कोपरा आधी दिसते."

आता ते ऐंशीच्या घरात आहेत. अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि आम्हा दोघांना कोपरे दाखवतात.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता विहाराच्या मागच्या अंगणात आपण आपापल्या गाड्या उघडून पाहणार आहोत. मिस्तरींनी यायचे कबूल केले आहे. बादल्या, ब्रश आणि गिअर ऑईल संस्थेकडून मिळेल. फडके ज्याचे त्याने घरून आणावे, आणि पुस्तिका असेल तर तीही. ज्या मुलींच्या नावावर स्कूटी आहे त्यांनीही यावे, त्यांच्या गाडीला चेन नसली तरी ब्रेक आणि टायर आहेतच. आज जाताना ज्यांच्या गाडीला बंद चेनकव्हर आहे, त्यांनी बाहेर थांबावे. बॅटरी माझ्या खिशात आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.